कौलांवरची बंदी आता स्लॅबवर

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांमध्ये आम्ही काम करतो. जातीच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत आणि मारहाणीपासून स्मशानभूमीच्या रस्त्यापर्यंत सगळ्या तऱ्हेची प्रकरणं आमच्याकडे येतात. अलीकडे त्यात एक प्रकरण पुन्हा पुन्हा येतं, आणि गाव बदललं तरी त्याचा तपशील फारसा बदलत नाही. घर लहान आहे. मुलगा कमावता झाला, त्याचं लग्न ठरलं. वरती एक खोली चढवायचं ठरतं. वाळू-विटा येऊन पडतात, पिलरचे गज उभे राहतात. आणि मग शेजारच्या वाड्यातून किंवा पलीकडच्या आळीतून हरकतीचा अर्ज जातो. ‘ऐतिहासिक पेठेचं स्वरूप बिघडतं.’ ‘देवळाचा कळस झाकतो.’ ‘वाड्याचा उजेड अडतो.’ काम थांबवण्याची नोटीस येते. पावसाळा येतो, गज गंजतात, सिमेंटची पोती दगड होतात, आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू राहतो.

या भांडणाला सगळे ‘शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा वाद’ म्हणतात. पोलीस ठाण्यात तेच सांगतात, नगरपालिकेत तेच सांगतात, आपल्यातले काही शहाणेही तेच सांगतात. आमचं म्हणणं वेगळं आहे. हद्दीच्या एका फुटावरून होतो तो शेजाऱ्यांचा वाद. आपलं घर शेजारच्या घराच्या बरोबरीला आलं म्हणून होतो तो जातीचा वाद. हे दोन वाद वेगळे ओळखायला शिकलं नाही, तर आपण जातीच्या प्रश्नाची तक्रार दिवाणी कोर्टात लावून पंधरा वर्षं तारखा मोजत बसू.

कौलं घालणं हा गुन्हा होता

गावात अस्पृश्यांनी काय करायचं नाही, याची यादी बाबासाहेबांनी करून ठेवली आहे. स्वच्छ कपडे घालायचे नाहीत, सोनं घालायचं नाही, जमीन-जनावरं बाळगायची नाहीत. त्याच यादीत आणखी एक कलम आहे: घरावर कौलं घालायची नाहीत. आजच्या तरुणाला हे वाचून हसू येईल. कौलांनी कुणाचं काय बिघडणार होतं? पण गावाला कौलांचा हिशोब बरोबर कळत होता. गवताचं छप्पर दरवर्षी शाकारावं लागतं. त्यासाठी गवत मागावं लागतं, म्हणजे कुणाच्या तरी बांधावर हात पसरावा लागतो. कौलारू घर टिकतं. ज्याचं घर टिकतं त्याचं पाऊलही टिकतं, आणि ज्याचं पाऊल टिकतं तो उद्या मजुरीचा दर विचारतो. म्हणून बंदी छपरावर होती आणि निशाणा माणसावर होता.

वस्तीची जागाही अशीच ठरली. गाव पांढरीवर आणि आपण वेशीबाहेर, बहुतेक ठिकाणी सखल भागात, ओढ्याकाठी. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की दक्षिण दिशा अशुभ, म्हणून ती अस्पृश्यांना. ही रचना कुणा वास्तुविशारदाने आखली नव्हती. तरी ती इतकी पक्की होती की आजही सातारा-सांगलीतल्या कोणत्याही जुन्या गावात, पाटी न वाचता, उतार आणि गटार कुठल्या बाजूला वाहतं ते बघून आपली वस्ती सापडते. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच होता. पण पाटी बदलली म्हणून उतार बदलला नाही.

आता कौलांवरच्या बंदीचं नाव कुणी घेत नाही. तसं म्हटलं तर अ‍ॅट्रॉसिटी लागेल. म्हणून भाषा बदलली. ‘तुमची पायरी ओळखा’ असं म्हणायच्या ऐवजी ‘परिसराचं ऐतिहासिक स्वरूप जपा’ असं म्हणतात. ऐकायला किती सुसंस्कृत! पण परिणाम बघा. पूर्वी कौल चढू दिलं नाही, आता स्लॅब चढू देत नाहीत.

269 चौरस फुटांचं गणित

रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना घरकुल मिळतं. त्याचं क्षेत्रफळ 269 चौरस फूट धरलेलं आहे. सरकारने दिलं ते आम्ही नाकारत नाही. पडक्या मातीच्या भिंतीत राहिलेल्या आपल्या आयांनी या घरकुलात पहिल्यांदा आतून कडी लावली. पण हे घर एका पिढीसाठी आहे. आई-वडील, दोन मुलगे, एक सून, दोन नातवंडं, अशी सात माणसं धरली तर माणशी साधारण 38 चौरस फूट येतात. सहा बाय चारची एक खाटच 24 चौरस फूट खाते. राहिलेल्या जागेत चूल, पाण्याचं पिंप, मुलीचं दप्तर, म्हाताऱ्याचं आजारपण आणि नवीन जोडप्याचा संसार बसवायचा.

अशा घराने वाढायचं कुठे? बाजूला जागा नाही, कारण वस्तीला गावाने जागा दिली तीच मोजून. शेजारी जमीन विकत घेणं परवडत नाही, आणि परवडलं तरी ‘त्यांना’ विकायला कुणी तयार होत नाही. मागे ओढा, पुढे बोळ. राहिली एकच दिशा, वरची. आणि नेमक्या याच दिशेला हरकत आहे.

सांगलीत हा प्रश्न आणखी गंभीर आहे. कृष्णेच्या महापुराने 2005, 2019 आणि 2021 या तीन वेळा काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि माणसं गेली. ज्याच्या घराला वरचा मजला आहे त्याला निदान धान्य, कागदपत्रं आणि म्हातारी माणसं वर चढवता येतात. ज्याचं घर एकमजली आणि सखल भागात, त्याला आधी पाणी गाठतं. म्हणजे नदीकाठच्या वस्तीत वरची खोली हा जीव वाचवायचा जिना आहे. तो अडवणाऱ्याने देवळाचा कळस दिसत नाही अशी तक्रार करावी, हे ऐकून घ्यायची आमची तयारी नाही.

निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, तिचं कारण आम्हाला कळतं. पण मग त्या रेषेत ज्यांना पिढ्यान् पिढ्या राहायला भाग पाडलं त्यांना उंचावर जागा द्या. जागाही द्यायची नाही आणि मजलाही चढवू द्यायचा नाही, याला पूर नियंत्रण कसं म्हणायचं?

कागद कुठे अडकला आहे

अधिकारी म्हणतात, मालकीचा कागद आणा, परवानगी देतो. वाक्य बिनचूक आहे. पण आपल्या घराखालच्या जमिनीचा कागद का नाही, हा इतिहास त्या वाक्यात येत नाही.

आपली पुष्कळ घरं महार वतनाच्या किंवा गावठाणालगतच्या सरकारी जागेवर उभी आहेत. वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. वतन म्हणजे वेठबिगारीची साखळी हे त्यांनी तेव्हा ठणकावून सांगितलं. कनिष्ठ गावनोकर वतनं रद्द करणारा कायदा आला 1958 मध्ये. पण जमिनी परत मिळाल्या त्या नवीन अविभाज्य शर्तीवर, म्हणजे सातबाऱ्यावर वर्ग 2 म्हणून. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत, सहज वाटणी होत नाही, बँक तारण घेताना नाक मुरडते. घराचा पुरावा म्हणून हातात असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा. तो घरपट्टी भरल्याचा कागद आहे, मालकीचा नाही. चाळीस वर्षं घरपट्टी घेताना ग्रामपंचायतीला घर दिसतं. परवानगी मागायला गेलो की तेच घर ‘अतिक्रमण’ होतं.

डिसेंबर 2020 पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. लहान भूखंडावरच्या घरांना तिने सवलत दिली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती असली की काम सुरू करता येतं. कागदावर ही सवलत गरिबांसाठी आहे. प्रत्यक्षात ती ज्याच्याकडे मालकीचा स्वच्छ उतारा आहे त्याच्यासाठी आहे. नियम बनवणाऱ्याने गरीब माणूस मोजला तो भूखंडाच्या आकारावरून. त्याची जात आणि जमिनीचा वर्ग मोजायचा राहून गेला. वर पुन्हा, गिरिस्थान नगरपरिषदा आणि इको-सेन्सिटिव्ह क्षेत्रं या नियमावलीबाहेर आहेत. म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीच्या माणसाला तीही सवलत नाही.

वारसा कुणाचा, भार कुणावर

थोरल्या शाहू महाराजांनी साताऱ्याला राजधानी केली, म्हणून हे शाहूनगर. त्याच्या पेठा, वाडे, तळी आणि हौद यांचा अभिमान आम्हालाही आहे. पण आज कुणीही पेठांतून एक फेरी मारावी. किती वाडे राहिलेत आणि किती वाड्यांच्या जागी अपार्टमेंट उभ्या आहेत? लाकडी चौक गेले, दिंडी दरवाजे गेले, तळमजल्यावर गाळे आले. ते पाडताना ‘ऐतिहासिक स्वरूप’ कुठे गेलं होतं? वाड्याचा मालक बिल्डरशी करार करतो तेव्हा तो विकास असतो. त्याच पेठेच्या टोकाला आमचा माणूस दहा बाय बाराची खोली चढवतो तेव्हा मात्र इतिहास धोक्यात येतो.

महाबळेश्वर-पाचगणीचं उदाहरण घ्या. केंद्र सरकारच्या 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने हा परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन झाला. डोंगर, झाडं, झरे यांच्याबरोबर तिथल्या जुन्या इमारती आणि परिसर यांचंही जतन करायचं ठरलं. हा कायदा हवा होता. पण जपायचा वारसा म्हणून डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? गव्हर्नर माल्कमच्या नावाची पेठ, साहेबांचे बंगले, त्यांचे व्हरांडे. त्या बंगल्यांचे दगड फोडणारे, घाटातून डोक्यावर सामान वाहणारे आणि संडास साफ करणारे कुठे राहायचे, त्यांच्या वस्तीचा इतिहास काय, हे कोणत्या यादीत आहे? बेकायदा हॉटेलांच्या बातम्या तिथून वर्षानुवर्षे येतात आणि त्यांची प्रकरणं वकील लावून वर्षानुवर्षे चालतात. कामगाराच्या पत्र्याच्या खोलीला मात्र वकील नसतो.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातला पन्हाळा हा नांदता किल्ला आहे. तिथे नगरपरिषद आहे, शाळा आहे, बाजार आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीची अट, हा नियम 2010 च्या दुरुस्तीने कायद्यात पक्का झाला. 11 जुलै 2025 रोजी मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात साताऱ्याचा प्रतापगड आहे आणि पन्हाळाही आहे. नामांकनाच्या काळात पन्हाळ्याच्या रहिवाशांनी उघड विरोध केला होता. घराची दुरुस्ती तरी करू देतील का, ही त्यांची भीती होती. लक्षात घ्या, तिथे सगळ्या जातींचे लोक बोलले, तेव्हा त्यांची बाजू ‘स्थानिकांच्या भावना’ म्हणून ऐकली गेली, प्रशासनाने बैठका घेतल्या. हाच प्रश्न आपल्या वस्तीने विचारला असता तर त्याला ‘अतिक्रमणधारकांचा दबाव’ म्हटलं असतं.

आता आपल्या वारशाकडे या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाची साताऱ्याच्या शाळेत नोंद झाली. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरला 1914 या क्रमांकासमोर त्या मुलाची सही आहे. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. याच साताऱ्यात माता भीमाईंनी शेवटचा श्वास घेतला. याच साताऱ्यात न्हाव्याने केस कापायला नकार दिल्यामुळे बहिणीने भावाचे केस कापले. याच साताऱ्याहून ती लहान मुलं वडिलांना भेटायला निघाली आणि मसूरच्या स्टेशनवर जात कळताच गाडीवानांनी त्यांना गाडीत घ्यायला नकार दिला. जगातल्या कोणत्याही शहराला अभिमान आणि शरम दोन्ही वाटावी असा हा इतिहास आहे. तेव्हा ‘ऐतिहासिक सातारा’ असं कुणी म्हणालं की आपण सरळ विचारायचं, यातला कोणता? राजवाड्याचा की राजवाड्याच्या सावलीत वर्गात वेगळ्या बसवलेल्या मुलाचा?

आणि लेणी? कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरातली लेणी बौद्ध भिक्खूंची आहेत. वाईजवळ लोहारे इथल्या लेण्यात बौद्ध चैत्याच्या जागी आज शिवपिंडीची पूजा होते. वारशाचं मूळ स्वरूप जपण्याचा एवढा कळवळा असणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. आम्ही मदतीला येऊ.

‘नियम सगळ्यांना सारखा’

आता हमखास येणारा प्रश्न. नियम मोडून बांधायचं का? उद्या प्रत्येकाने मजले चढवले तर बोळात अग्निशमनाची गाडी कशी शिरणार? भूकंप झाला तर? साताऱ्याचा माणूस कोयनेचा 11 डिसेंबर 1967 विसरलेला नाही. हा प्रश्न खोटा नाही आणि तो टाळून आपली बाजू बळकट होणार नाही. कच्च्या पायावर मजला चढवला तर आपलीच पोरं गाडली जातील. म्हणून आमची मागणी ‘नियम नको’ अशी नाही. मागणी तीन शब्दांची आहे: एकच मोजपट्टी लावा.

वाड्याची उंची मोजता त्याच पट्टीने आमची मोजा. अपार्टमेंटला सामासिक अंतराची सूट देता तशी आमच्या बोळालाही द्या. वारसा म्हणून दर्शनी भाग जपायचा असेल तर तसं नगरपालिकेने आराखड्यात लिहावं, कोणत्या पेठेला किती उंची ते जाहीर करावं आणि जपण्याचा खर्च द्यावा. लेखी यादीत नसलेला वारसा शेजाऱ्याच्या अर्जात अचानक प्रकट होतो, तेव्हा तो वारसा नसतो, सबब असते.

आणि हरकत खरोखर सुरक्षिततेची असेल तर ती कशी असते? माणूस म्हणतो, पिलर तपासून घ्या, पाण्याचा निचरा माझ्या भिंतीत सोडू नका, खिडकी इकडे नको तिकडे घ्या. त्यात तोडगा असतो. दुसऱ्या प्रकारच्या हरकतीत तोडगा नसतोच. खिडकी हलवा, उंची दोन फूट कमी करा, काहीही करा, उत्तर एकच, ‘वर चढवायचंच नाही’. तिथे ओळखायचं की अडचण भिंतीची नाही.

ही अडचण कुठपर्यंत जाते ते आपल्या दोन जिल्ह्यांनी पाहिलं आहे. माण तालुक्यातल्या कुळकजाईत एप्रिल 2007 मध्ये मधुकर घाडगे यांचा विहीर खोदण्यावरून जमावाने खून केला. पोरं शिकलेली, शेती नीट चाललेली, असं बौद्ध कुटुंब. 2010 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये जून 2023 मध्ये बाबासाहेबांच्या नावाची उभी राहत असलेली स्वागत कमान ग्रामपंचायतीने बेकायदा ठरवून पाडली, आणि जुलैमध्ये आपली कुटुंबं गाव सोडून मुंबईच्या दिशेने चालत निघाली. एका ठिकाणी विहीर, दुसऱ्या ठिकाणी कमान. वस्तू वेगळ्या आहेत. पण दोन्ही ठिकाणी आपल्या माणसांनी जमिनीवर काहीतरी कायमचं उभं करायला घेतलं होतं. खोली चढवणं हेही तेच आहे. आपण तात्पुरते असलो की चालतो. पक्के झालो की खुपतो.

आपल्यातली भाऊबंदकी

एक गोष्ट कटू आहे, पण बोलायला हवी. सगळ्याच हरकती बाहेरून येत नाहीत. सामाईक भिंतीवरून सख्खा भाऊ भावाविरुद्ध अर्ज देतो. पुढचा बोळ अडवून ओटा काढणारा आपलाच असतो. मिळालेलं घरकुल पुढे सरकवून विहाराच्या अंगणात पायरी आणणाराही आपलाच असतो. गावातले पुढारी अशा अर्जाची वाटच बघत असतात. ‘बघा, त्यांच्यातच भांडणं’ म्हणत ते एकाला पुढे करतात आणि दोघांचीही कामं अडकवतात. निवडणुकीत दोघांकडून मतं घेतात.

जागा कमी पडली की माणूस माणसाला टोचतोच, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात न शिकताही कळतं. टंचाई वरून लादलेली आहे आणि तिचं भांडण खाली लावलेलं आहे. पण म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. धम्म स्वीकारला म्हणजे दर पौर्णिमेला वंदना म्हणून झाली आणि संपली असं नाही. शेजाऱ्याच्या घरात उजेड जाईल एवढी जागा सोडणं हेही शील आहे. वस्तीतल्या हद्दीचे वाद विहारात बसून, दोन्हीकडची माणसं, एक इंजिनिअर आणि एक बाई पंच म्हणून घेऊन मिटवायचे. बाई यासाठी, की घरात जागा किती कमी पडते ते तिलाच खरं माहीत असतं.

करायचं काय

नुसता संताप व्यक्त करून कुणाचा स्लॅब पडणार नाही. तरुणांनी खालची कामं हातात घ्यावीत.

एक, कागद आधी. प्रत्येक वस्तीत घरनिहाय तक्ता करा: जमीन कोणती, वर्ग कोणता, नमुना 8 कुणाच्या नावावर, वारस नोंद झाली का. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं. मोजणी होताना हजर राहा. आपली वस्ती गावठाणाच्या रेषेबाहेर दाखवली जात असेल तर त्याच वेळी लेखी हरकत द्या, नंतर रडून उपयोग नाही. सरकारी जागेवरच्या घरांसाठी हेही ध्यानात ठेवा, की गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालातही, सरकारी आदेशाने भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जागांचा अपवाद सांगितलेला आहे.

दोन, परवानगीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. परवानगी देण्या-नाकारण्याचा अधिकार ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा आहे, शेजाऱ्याचा नाही. शेजारी हरकत घेऊ शकतो, निर्णय कागदावर व्हायला हवा. नगररचना कायद्यात नियोजन प्राधिकरणाने 60 दिवसांत उत्तर दिलं नाही तर नियमात बसणारी परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. तोंडी ‘थांबा जरा’ याला काही किंमत नाही.

तीन, माहिती अधिकार वापरा. त्याच पेठेत गेल्या दहा वर्षांत किती जुने वाडे पाडायला परवानगी दिली, किती नव्या इमारतींना किती उंची दिली, वारसा यादीत कोणत्या इमारती आहेत, एवढं विचारा. ‘ऐतिहासिक स्वरूपा’चा बुरखा या एका उत्तराने फाटतो.

चार, खोट्या अर्जाला उत्तर द्या. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(क्यू) नुसार सवर्णाने अधिकाऱ्याला खोटी किंवा क्षुल्लक माहिती देऊन त्याच्या अधिकाराचा वापर आपल्याला त्रास देण्यासाठी करायला लावणं हा गुन्हा आहे. खोटे दावे लावून छळणं कलम 3(1)(पी) मध्ये येतं, जागेच्या उपभोगात अडथळा आणणं 3(1)(जी) मध्ये. पण हत्यार खरं असेल तिथेच काढायचं. हरकत खरी असेल, खरंच पुढच्याच्या जागेत पाय टाकला असेल, तर हे कलम लावू नका. एक खोटी केस दहा खऱ्या केसेस मारते.

पाच, बुलडोझर दारात आला तर 13 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हातात ठेवा. 15 दिवसांची लेखी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणासह आदेश आणि पाडकामाचं चित्रीकरण, एवढं बंधनकारक आहे. रस्ता, फूटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही, हेही माहीत असू द्या.

सहा, आपला वारसा यादीत घाला. वस्तीतलं जुनं विहार, चावडी, बाबासाहेबांच्या सभेची जागा, जलशांचे फड जिथे बसायचे ते चौक, यांची नोंद करा, म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करा, आणि विकास आराखड्यावर सूचना-हरकती मागवल्या जातात तेव्हा गठ्ठ्याने द्या. आराखड्यात आपली वस्ती आजवर ‘झोपडपट्टी’ नाहीतर ‘आरक्षण’ या दोनच रंगांत दिसत आली. तिसरा रंग आपल्यालाच भरावा लागेल.

मित्रांनो, बाबासाहेबांनी मुंबईत दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. घर म्हणजे ऐपतीचं प्रदर्शन त्यांनी मानलं नाही, पण माणसाला मान वर करून राहायला आणि डोकं खाली घालून वाचायला जागा लागते, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या मुलीला अभ्यासाला एक दार लावता येणारी खोली हवी आहे. ती खोली वरच्या मजल्यावर आहे, अजून बांधायची आहे, आणि तिच्या आड ‘इतिहास’ नावाचा माणूस उभा आहे. त्या इतिहासात आपलाही अर्धा हिस्सा आहे. तो मागायचा, कागदासकट, आणि मग स्लॅब टाकायचा.

जय भीम! नमो बुद्धाय!